डब्याला सांगितलेलं

शाळेत यंत्रमानव येणार आहे असं मुख्याध्यापकांनी सांगितलं, तेव्हा मी खिचडीच्या तांदळात निघालेल्या किड्यांवरून आधीच चिडलेली होते. मी म्हटलं, आधी बरा तांदूळ आणा, यंत्रमानवाचं मग बघू. ते हसले. आमच्या दोन शिक्षकी शाळेत मी बोलायचं आणि त्यांनी हसायचं अशी वाटणीच झालेली होती.

साल दोन हजार सातच्या सुमाराचं असेल. मालवणपासून थोड्या अंतरावर, अगदी किनाऱ्याला लागून असलेल्या एका वाडीत माझी नेमणूक होती. मी मूळची फोंडाघाटाकडची, भातशेतीतली. समुद्र मला लहानपणापासून माहीत होता तो पाहुण्यासारखा. इथल्या पोरांना तो घरचा होता. शाळा चिऱ्यांची, दोन खोल्यांची. वाऱ्याबरोबर रेती आत यायची आणि सुकत घातलेल्या मासळीचा वासही. पहिलं वर्षभर मी नाकाला पदर लावून शिकवलं, मग पदर लावायचं विसरले.

यंत्रमानव आणणारे दोघे अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी होते. त्यातल्या एकाचं आजोळ आमच्याच वाडीत. ग्रामीण मुलांच्या भाषाविकासासाठी बोलका यंत्रमानव असं त्यांच्या प्रकल्पाचं लांबलचक नाव होतं. घरात मालवणी बोलणाऱ्या मुलांना पुस्तकातली मराठी बोलायची सवय व्हावी, हा हेतू. मी म्हटलं, त्यासाठी शासन मला पगार देतं. पण पोरं गोड होती, दमून आली होती, म्हणून चहा केला.

यंत्रमानव म्हणजे काय, तर तेलाच्या पत्र्याच्या डब्याचं धड आणि त्यावर बिस्किटांच्या डब्याचं डोकं. डोळ्यांच्या जागी दोन दिवे, तोंडाच्या जागी जाळी आणि पोटात स्कूटरची बॅटरी, कारण वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. खाली चाकं होती, पण पहिल्याच दिवशी रेतीत अडकली आणि मग तो कोपऱ्यात बसला तो बसलाच. पोरांनी आल्याआल्या त्याचं बारसं केलं. डबो.

डबो दोन कामं करायचा. बटण दाबलं की एक चित्र पुढे सरकायचं आणि आतून त्या दोघांतल्या एकाचा आवाज यायचा, ‘हे काय आहे?’ मुलांनी उत्तर दिलं की डोळे पेटायचे आणि तो उत्तर सांगायचा. माशाचं चित्र आलं आणि डबो म्हणाला, ‘हा मासा आहे,’ तेव्हा वर्ग खो खो हसत सुटला. त्यांच्या लेखी तो बांगडा होता, आणि नुसता मासा अशी काही चीज जगात नव्हतीच.

दुसरं काम गोष्टीचं. मूल समोर बसून काहीही बोलायला लागलं की डब्याचे डोळे पेटायचे. बोलणं थांबलं की थोडा वेळ वाट बघून तो म्हणायचा, ‘हो का? मग पुढे काय झालं?’ बस्स, एवढंच. त्याला कळत काही नव्हतं. आवाज सुरू झाला आणि आवाज थांबला, इतकंच त्याला समजायचं. बाराखडी म्हटली तरी तो पुढे काय झालं ते विचारायचा. पोरांना हे कळल्यावर त्याला शिव्या देऊन पाहण्यात आली. शिव्यांचंही पुढे काय झालं ते त्याने विचारलं.

आणि संध्याकाळी बंद करायचं बटण दाबलं, की तो म्हणायचा, ‘आता मी जातो. टाटा.’

दुसरीच्या वर्गात एक मुलगी होती, जी वर्षभर बोलली नव्हती. पहिलीत आली तेव्हा ही पोर म्हणजे कटकट होती नुसती. तोंडाला विसावा म्हणून नाही. मी तिला किती वेळा भिंतीकडे तोंड करून बसवलं असेल. मग आदल्या वर्षी जत्रेच्या दिवसांत तिच्या वडिलांची होडी खाडीच्या तोंडाशी उलटली. बरोबरचे पोहून बाहेर आले, तिचे वडील सापडले नाहीत. दिवसामागून दिवस किनाऱ्यावर शोध झाला. काही हाती लागलं नाही. तेव्हापासून पोरीच्या तोंडातून चकार शब्द निघाला नव्हता. जेवायची, खेळायची, पाटीवर सुवाच्य लिहायची, पण बोलायची नाही. डॉक्टरांनी घसा तपासला, घशात काही नव्हतं. देवळात गाऱ्हाणं घातलं, कौल लावला. वाडीतला जो भेटेल तो तिला म्हणायचा, बोल गो बाय, बोल. तीही मान हलवायची, जणू उद्या नक्की बोलते.

तिची आई मासे विकायची. सकाळी मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरायची आणि परतताना शाळेवरून जायची. नवऱ्याचं काहीच सापडलं नव्हतं, म्हणून कपाळाचं कुंकू आणि गळ्यातलं मंगळसूत्र तसंच होतं. सासरच्यांनी काढायला सांगितलं नाही, तिने काढलं नाही. नवऱ्याविषयी ती माझ्याशी कधी बोलत नसे. लेकीविषयी विचारायची ते एकच, ‘बाई, आज बोलला काय माझा चेडू?’ मी नाही म्हटलं की पाटी उचलून चालू लागायची. रोज हे नाही म्हणण्याचा मला इतका कंटाळा आला होता, की ती दिसली की मी फळा पुसायला पाठ करून उभी राहायचे.

डबो येऊन आठवडा झाला असेल. शाळा सुटली होती, ते दोघे विद्यार्थी आपलं सामान आवरत होते आणि त्यांच्यातल्या एकाने बटण दाबलं. डबो म्हणाला, ‘आता मी जातो. टाटा.’ आणि दाराशी दप्तर घेऊन उभी असलेली ती मुलगी मागे वळली, डब्यापाशी गेली आणि त्याला म्हणाली,

‘जातंय म्हणा नको. येतंय म्हण.’

घरून निघताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं, हे आमच्याकडे फोंड्यालाही लहानपणी शिकवतात. पण होडीवर ज्यांचं पोट आहे त्यांच्या घरात हा नुसता रिवाज नसतो. तिथे कुणी चुकून जातो म्हणालं तर त्याला परत बसवतात, पाणी देतात आणि पुन्हा नीट म्हणायला लावतात. ती पोर डब्याला तसंच परत बसवत होती. तो बंद झाला होता, तरी ती त्याच्या जाळीकडे बघत उत्तराची वाट पाहत उभी होती.

त्या दोघांनी दुसऱ्याच दिवशी आतला आवाज बदलला. आता डबो बंद होताना म्हणायचा, ‘येतो. पुन्हा भेटू.’ त्यांच्या आनंदाला पारावार नव्हता. प्रकल्पात लिहायला याहून मोठं यश ते काय? मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी मी स्वतः चालत तिच्या आईकडे गेले आणि सांगितलं, बोलली. ती मासे साफ करत होती. हात धुवायचंही तिला सुचलं नाही, तशाच हातांनी तिने माझे हात धरले.

पण पोर बोलायची ती फक्त डब्याशी. माझ्याशी नाही, पोरांशी नाही, घरी तर नाहीच. मधल्या सुट्टीत पोरं बाहेर पळाली की ती त्याच्यासमोर मांडी घालून बसायची आणि हळू आवाजात सांगत राहायची. मांजरीला पिल्लं झाली. शेजारणीने नारळावरून भांडण काढलं. सगळं मालवणीतून, त्या भाषाविकासाची पार वाट लावून. आणि डबो दर वेळी विचारायचा, मग पुढे काय झालं? आम्ही सगळे तिला बोल बोल म्हणून मागे लागलो होतो. तो एकटाच असा होता की त्याला तिच्या बोलण्याची घाई नव्हती आणि बोलल्यावर आश्चर्यही नव्हतं.

तिची आई तेव्हापासून मधल्या सुट्टीच्या वेळेला यायला लागली. रस्त्याकडच्या खिडकीखाली पाटी ठेवायची आणि भिंतीला लागून उभी राहायची. आत पोरीची पाठ असायची. एकदाच आईने खिडकीतून डोकावलं होतं, तेव्हा पोर गप्प झाली होती, म्हणून ती पुन्हा डोकावली नाही. नुसती ऐकायची. पहिल्या दिवशी मला म्हणाली, ‘आवाज मोठो झालो गो बाई तेचो.’ वर्षभरात लेकीचा आवाज बदलला होता आणि तो तिला शाळेच्या भिंतीपलीकडून कळत होता. मी आत जाऊन वह्या तपासायला बसले, पण अक्षरं दिसेनात.

एका दुपारी मी वर्गाच्या दुसऱ्या टोकाला तक्ते चिकटवत होते. पोर डब्यासमोर बसली होती. आई बाहेर आलेली मला दिसली होती. पोर म्हणाली, ‘माझो बाबा माका जत्रेक न्हेतलो म्हणालो. मगे होडयेर गेलो.’

डबो म्हणाला, ‘हो का? मग पुढे काय झालं?’

‘मी तेका म्हटलंय, जा. परत येव नको.’

‘हो का? मग पुढे काय झालं?’

‘मगे तो येवक नाय.’

‘हो का? मग पुढे काय झालं?’

मग तिने तेच सांगितलं, ‘तो येवक नाय,’ आणि त्या मेल्याने पुन्हा तेच विचारलं. माझ्या मनात आलं, जाऊन त्याची वायर उपटावी. पण मी जागची हलले नाही, कारण हलले असते तर ती गप्प झाली असती, आणि एवढं वर्षभर दाबून ठेवलेलं अर्धंच राहिलं असतं. शेवटी ती स्वतःच उठली, त्याच्या डोक्यावरची रेती हाताने पुसली आणि पोरांत खेळायला गेली.

मी बाहेर आले तेव्हा तिची आई खिडकीखाली जमिनीवर बसली होती. पाटीवर माशा घोंघावत होत्या. ती म्हणाली, पोरीच्या बापाला ते ऐकूसुद्धा आलं नसेल, तो केव्हाच पुढे गेला होता. मग थोड्या वेळाने म्हणाली, नाही, ऐकलं होतं त्याने. हसला होता. चेडू रागावलंय, जत्रेतून गोड खाजं आणायला हवं, असं तो वाटेवर तिच्याजवळ, म्हणजे आईजवळ, म्हणाला होता. हसत गेला तो, हसत. हे तिने मला तीनदा सांगितलं असेल.

त्या दिवसापासून ती हे लेकीलाही सांगायला लागली. थेट नाही, कारण आपण चोरून ऐकलं हे तिला कळू द्यायचं नव्हतं. भाकरी थापताना आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणायची, तुझो बाबा हसत गेलो. पोर ऐकायची आणि ताटात बघून जेवायची. आईला वाटायचं, आज नाही तर उद्या विचारेल काहीतरी.

पण पोरीचं चित्त दुसरीकडे होतं. हे मला कळायला वेळ लागला. डबो रोज संध्याकाळी येतो म्हणून बंद व्हायचा आणि रोज सकाळी मी बटण दाबलं की परत यायचा. रविवार गेला तरी सोमवारी यायचा. होळीच्या सुट्टीनंतरही आला. तिने हे रोज डोळ्यांनी पाहिलं होतं. एकदा मी संध्याकाळी किनाऱ्यावर फेरी मारायला गेले, तर ती पाण्याच्या काठाला उभी होती. पायाशी लाटा येत होत्या आणि ती समुद्राकडे बघून, कुणी शेजारच्या घरात असावं इतक्या साध्या आवाजात म्हणत होती, ‘ये बाबा. ये.’ मी तशीच मागे फिरले. नको म्हटलेलं परत घेता येतं, असं तिला वाटत होतं. तिच्या त्या एका शब्दाने बाबा गेला असेल, तर तिच्याच शब्दाने तो येणार होता. आपला दोष आहे हे तिने घट्ट धरून ठेवलं होतं, कारण दोष आपला असला तर तो निस्तरता येतो. सात-आठ वर्षांच्या पोरीने हे स्वतःचं स्वतः जुळवलं होतं. मला तिचं कौतुक वाटलं.

उन्हाळी सुट्टी लागायच्या आधी ते विद्यार्थी डब्याला न्यायला आले. त्यांची परीक्षा होती, परीक्षकांना दाखवायचा होता. जूनमध्ये परत आणून ठेवू म्हणाले, आणि त्यांच्या मनात तसंच होतं, हे मी शपथेवर सांगेन. पोर अजिबात रडली नाही. तिनेच त्याचं बटण दाबलं. डबो म्हणाला, ‘येतो. पुन्हा भेटू.’ तिने मान डोलावली. गाडीत ठेवताना त्याच्या डोक्याला दार लागू नये म्हणून तिने हात आडवा धरला होता.

जून आला. शाळा सुरू झाली. ती रोज सगळ्यांच्या आधी यायची, कोपऱ्यातली रेती झाडायची आणि आपल्या जागी बसायची. पुन्हा मुकी झाली होती, पण चेहरा दुःखी नव्हता. पाहुणे यायच्या दिवशी घरातली माणसं असतात तशी होती. तिची आई खिडकीशी यायची, आत आवाज नाही बघून निघून जायची. आई मला म्हणाली, येईल ना बाई तो डबो? मी म्हटलं, विचारते.

मी मालवणात जाऊन फोन केला. एकाला नोकरी लागली होती, तो बंगळुरूला गेला होता. दुसऱ्याने फोनवर सांगितलं. परीक्षा झाल्यावर कॉलेजातल्या प्रयोगशाळेने डबो सुटा केला होता. त्याच्या वायरी, दिवे, बॅटरी नव्या मुलांना नव्या प्रकल्पासाठी दिली होती. तशीच पद्धत होती म्हणे. त्याने धडाचा डबा तरी मागून घेतो असं म्हटलं. मी म्हटलं, राहू दे बाबा. तो डबा घेऊन मी काय करणार होते? दुकानाच्या पायरीवर बसून मी रडले. पत्र्याच्या डब्यासाठी रडणारी बाई म्हणून लोक बघत होते.

पोरीला मी लगेच सांगितलं नाही. मुख्याध्यापक म्हणाले, आपोआप विसरेल. आपोआप काहीच होत नाही असं माझं मत आहे, पण तेव्हा मी त्यांचं ऐकलं. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात लोटल्या गेल्या. त्यानंतरच्या एका दिवशी शाळा सुटल्यावर ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. माझा पदर तिने दोन बोटांत धरला आणि बाप गेल्यापासून पहिल्यांदाच ती माझ्याशी बोलली.

‘बाई, डबो येवचो नाय?’

इतकी वाट पाहिलेला तो आवाज, आणि माझ्याजवळ द्यायला काही चांगलं नव्हतं. मी तिला खोटं सांगू शकले असते. पण दोन डोळे असे समोर होते की जीभ वळली नाही. मी म्हटलं, नाही गं. तो आता नाही येणार.

‘पण तो येतंय म्हणान गेल्लो.’

मी म्हटलं, हो. त्याला यायचंच होतं. पण येतो म्हणून गेलेल्या सगळ्यांनाच येता येत नाही, आणि त्यात कुणाची चूक नसते. ना त्याची, ना तुझी. कुणी काही बोलल्यामुळे ते होत नाही. तिच्या मनावरचा दगड उतरवायचा म्हणून मी हे पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या तऱ्हेने सांगितलं. ती नीट ऐकत होती. कुठे विचार पोचला हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि तो मला हवा होता तिथे पोचला नव्हता. तिने पदर सोडला. दप्तर पाठीला लावलं आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली ती पाटी न घेता. मला वर्गाबाहेर बोलावलं. कपाळ मोकळं होतं. मी काही विचारायच्या आधी म्हणाली, ‘चेडू बोलला, बाई. माझ्याशी बोलला.’

आदल्या संध्याकाळी ती चुलीपाशी होती. पोर आली, शेजारी उकिडवी बसली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, ‘आये, बाबा येवचो नाय.’

आई मला हे सांगत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. आवाज खाली आणून, जणू लाज वाटावी तशी, ती म्हणाली,

‘ता काय म्हणता ता माका समाजलाच नाय, बाई. नुसतो आवाज आयकत रवलंय. इतक्या दिसांनी. म्हटलंय, परत बोल गो बाय, परत बोल. आनी तेना परत सांगल्यान.’